एकट्याच्या प्रवासाची घरभर तयारी

येत्या मार्गशीर्षात मी चिक्कडपल्लीहून रत्नागिरीला मोटारसायकलवर जाणार आहे. एकटा. जायला तीन दिवस, तिथे दोन दिवस आणि परतीला तीन दिवस, असा आठ दिवसांचा बेत आहे. अंतर जाऊन-येऊन साधारण चौदाशे किलोमीटर. लेह-लडाख करून आलेल्या मंडळींना हे किरकोळ वाटेल. पण मी रोज चिक्कडपल्ली स्टेशनवर मेट्रोत बसणारा, परेड ग्राउंडला गाडी बदलून रायदुर्गला उतरणारा आणि मग दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिणारा माणूस आहे. गेल्या काही वर्षांत माझ्या मोटारसायकलला ठाऊक असलेला नेहमीचा पल्ला म्हणजे नारायणगुडा, कोठी आणि फार तर सिकंदराबादचं मोंडा मार्केट.

रत्नागिरीच का, तर आमचं मूळ गाव त्या जिल्ह्यात. पणजोबा नोकरीसाठी निजामाच्या राज्यात आले आणि इथलेच झाले. बाबांनी ते गाव एकदा पाहिलंय, मी एकदाही नाही. रेल्वेने किंवा कारने जाता आलं असतं. पण हैदराबादच्या दगडधोंड्यांच्या पठारावरून निघून, सह्याद्री उतरून, समुद्रापर्यंतचा सगळा रस्ता अंगावरून जाऊ द्यावा, अशी फार दिवसांची इच्छा होती.

गेले चार महिने तयारी चालू आहे. मंडळाच्या कार्यक्रमांत भेटणाऱ्या तरुण मंडळींपैकी बरेच जण ‘कशी करतोस तयारी?’ असं विचारतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठीही हा लेख.

‘एकटाच का?’

हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. सोपं उत्तर असं, की आम्ही चार मित्र चार वर्षं एकत्र जायचा बेत करतोय आणि चौघांच्या रजा, मुलांच्या परीक्षा आणि कुणाच्या तरी मेव्हणीचं लग्न यांतून एकही तारीख मोकळी निघालेली नाही. खरं उत्तर जरा वेगळं आहे. ऑफिसात दिवसभर मी दहा जणांच्या संमतीने निर्णय घेतो. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, एखाद्या वळणावर उतरून नुसतं बघत बसायचं का, हे एकदा तरी मला एकट्याला ठरवायचंय.

पण तयारीला लागल्यावर याच गोष्टीची दुसरी बाजू दिसली. आमच्या कामात एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. लिहिणारा हुशार नसतो म्हणून नव्हे, तर स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही म्हणून. रस्त्यावर हे काम सोबती करतो. ‘थांब रे, तुझे डोळे मिटतायत’, ‘मागचं चाक बसल्यासारखं वाटतंय’, ‘आता पुढे नको जाऊ, अंधार पडतोय’ हे सांगणारा माणूस एकट्याच्या प्रवासात नसतो. आणि दमलेल्या माणसाला आपण दमलोय हे सर्वांत शेवटी कळतं.

म्हणून एकट्याच्या प्रवासाची तयारी म्हणजे त्या दुसऱ्या माणसाचं काम घरी बसून, डोकं शांत असताना, आधीच करून ठेवणं. माझी सगळी तयारी या एका विचाराभोवती फिरते.

आधी आकडे पाहिले

बायको सीए आहे. भावनेच्या भरात ती हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ती म्हणाली, ‘आधी आकडे बघू.’ केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातल्यामुळे गेलेल्यांची संख्या ५०,०२९. आणि मृत्यूंच्या कारणांत अतिवेग सर्वांत वर, ७१ टक्क्यांहून अधिक.

हे आकडे वाचून आमच्या घरात बराच वेळ कुणी बोललं नाही. आईने तर ‘मग जायचंच कशाला?’ म्हणून विषय संपवला. पण त्याच आकड्यांत दुसरी गोष्टही होती. हेल्मेट आणि वेग या दोन्ही गोष्टी चालवणाऱ्याच्या हातातल्या आहेत. धोका शून्य होणार नाही, पण त्यातला मोठा भाग आपण उचलून बाजूला ठेवू शकतो.

वेगाचा हिशेब मी कागदावर मांडला. समोर काही आडवं आलं, तर डोळ्यांनी पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. त्यानंतर चांगल्या, कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर मिळवा. ताशी ६० किलोमीटरला एकूण ४८ मीटर लागतात, ८० ला ७४ मीटर आणि १०० ला १०६ मीटर. वेग ६० वरून १०० वर गेला, की थांबायचं अंतर दुपटीहून जास्त होतं, कारण ब्रेकिंगचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. हे आपण अकरावीच्या भौतिकशास्त्रात शिकलो होतो.

आता मिळतं काय ते पाहा. चिक्कडपल्ली ते सोलापूर सुमारे ३१० किलोमीटर. सत्तरऐवजी ऐंशीने गेलो, तर सगळ्या रस्त्यात वाचतो जेमतेम अर्धा तास. तो अर्धा तास सोलापूरच्या लॉजमध्ये छताकडे बघण्यातच जाणार. माझा वेग सत्तर ठरला तो असा.

गाडी आणि गाडीवाला

माझी गाडी पल्सर १५०, सहा वर्षांची. ‘लांब जायचं तर बुलेट घे’ असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. पण ओळखीची, हलकी आणि कुठल्याही गावात दुरुस्त होणारी गाडी पहिल्या प्रवासाला जास्त बरी. टाकी पंधरा लिटरची आहे, त्यामुळे पेट्रोलची काळजी नाही. सत्तरच्या वेगाला तिची काही कुरकुर नसते.

नारायणगुड्याला आमचे जुने मेकॅनिकभाई आहेत. त्यांच्याकडे गाडी नेली, बेत सांगितला. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, ‘गाडी को कुछ नइं होता साब. होता सो आपकू होता.’ माझ्या पोटाकडे बघूनच म्हणाले ते. पुढे सगळी तयारी याच वाक्याने ठरली.

गाडीचं काम दोन शनिवारांत झालं. इंजिन ऑइल आणि एअर फिल्टर बदलले, ब्रेक पॅड नवे टाकले, चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही बदलले. मागचा टायर झिजून खुणेपर्यंत आला होता, तोही बदलला. टायरच्या खाचांत छोटे उंचवटे असतात, कडेला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. रबर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आलं, की टायर संपला. तुमच्या गाडीचा टायर आज संध्याकाळी खाली जाऊन बघा, दोन मिनिटांचं काम आहे. टायरमधली हवा मात्र अंदाजाने भरायची नाही. गाडीच्या पुस्तकात एकट्यासाठी आणि मागे माणूस असताना वेगळे आकडे दिलेले असतात. सामानाचा भार असेल तर तोही धरायचा. आणि हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची.

हे सगळं काम निघायच्या आदल्या आठवड्यात करायचं नाही. नवीन पार्ट टाकल्यावर गाडी निदान तीन-चारशे किलोमीटर चालवून बघायची, म्हणजे काही ढिलं राहिलं असेल तर ते घराजवळच कळतं.

एबीएस माझ्या गाडीला फक्त पुढच्या चाकाला आहे. म्हणजे घाबरून मागचा ब्रेक दाबला, तर मागचं चाक घसरू शकतं. त्यासाठी शहराबाहेरच्या एका रिकाम्या लेआउटच्या रस्त्यावर तीन रविवार नुसता ब्रेक मारायचा सराव केला. दोन्ही ब्रेक एकत्र, दाब हळूहळू वाढवत, नजर समोर. बघणाऱ्या वॉचमनला मी वेडा वाटलो असणार.

सोबतीने, मग एकट्याने

एकट्याने लांब गेलेल्यांच्या गोष्टी आपण वाचतो, तेव्हा फोटोत फक्त शेवटचा टप्पा दिसतो. आपल्याच शहराचं उदाहरण घ्या. हैदराबादच्या जय भारती यांनी २०१८ मध्ये आणखी तिघींबरोबर भारतापासून व्हिएतनामपर्यंत सहा देशांतून सुमारे सतरा हजार किलोमीटरचा मोटारसायकल प्रवास केला. त्यानंतर २०२१ मध्ये त्या एकट्याने चाळीस दिवसांच्या भारतप्रवासाला निघाल्या. त्याआधी त्या ‘बाइकरनी’ या महिला मोटारसायकलस्वारांच्या गटाची हैदराबाद शाखा चालवत होत्या. हा गट २०११ मध्ये पुण्यात उर्वशी पाटोळे यांनी सुरू केला. म्हणजे आधी गट, मग चौघी, मग एकटी. मार्च २०२३ मध्ये गेटवे ऑफ इंडियाहून नऊवारी नेसून दुचाकीवर जगप्रवासाला निघालेल्या पुण्याच्या रमिला लटपटे यांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. तिथे जगाचा नकाशा होता, इथे फक्त रत्नागिरी आहे. पण पायऱ्या चुकवायच्या नाहीत, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

माझ्या पायऱ्या हैदराबादच्या चारी बाजूंना सापडल्या. पहिल्यांदा यादगिरीगुट्टा, एका बाजूने साठ किलोमीटर. दुसऱ्यांदा विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्या, म्हणजे थोडा घाटासारखा रस्ता. तिसऱ्यांदा नागार्जुनसागर, जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर एका दिवसात. या दोन्ही वेळी एक मित्र त्याच्या गाडीवर सोबत होता. चौथ्यांदा एकट्याने श्रीशैलम, एका बाजूने सव्वादोनशेच्या आसपास, तिथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत. मन्ननूरनंतर नल्लमलाचं जंगल आणि मग कृष्णेच्या खोऱ्यात उतरणारी वळणं. आंबा घाटाचा सराव याहून चांगला कुठे होणार? हा जंगलातला रस्ता रात्री वाहनांना बंद असतो, त्यामुळे वेळेत निघून वेळेत पोचायची शिस्तही लागते.

या चार फेऱ्यांत कळलं, की मेकॅनिकभाई खरं बोलले होते. गाडीला काहीच झालं नाही. माझी मनगटं शंभर किलोमीटरनंतर दुखायला लागली, दीडशेनंतर कंबर आणि दुपारी जेवल्यावर झोप. तीनही गोष्टींवर उपाय निघाले. हँडल घट्ट न धरता गुडघ्यांनी टाकी धरायची, म्हणजे मनगटांवरचा भार कमी होतो. पाठीला सॅक लावायची नाही, सामान गाडीला बांधायचं. आणि दुपारी भात नाही. आईने यावर लगेच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी जाहीर केली. तिचा विरोध थोडा मावळला तो त्याच दिवशी.

रस्त्याचा अभ्यास

पहिल्या दिवशीचा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६५. संगारेड्डी, जहीराबाद, मग कर्नाटकातलं हुमनाबाद, पुढे उमरगा, नळदुर्ग आणि सोलापूर. तीन राज्यं आणि तीन भाषा. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी नळदुर्गपर्यंतचा हा सगळा रस्ता एकाच हैदराबाद संस्थानात, नंतर राज्यात होता. पणजोबा याच बाजूने आले असतील का, हे आता सांगणारं कुणी उरलेलं नाही. नळदुर्गला मात्र थांबणार आहे. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यात बांधलेला तिथला पाणीमहाल बघायचाय. आदिलशाही काळातल्या इंजिनिअरांचं काम आजच्या इंजिनिअरने तासभर तरी बघावं.

दुसऱ्या दिवशी सोलापूर ते कोल्हापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरजेवरून, सुमारे २४० किलोमीटर. तिसऱ्या दिवशी कोल्हापूर ते रत्नागिरी, आंबा घाटातून, फक्त १३०. दिवस असे उतरते ठेवलेत, ते मुद्दाम. घाट शेवटी येतो, तेव्हा अंगात थकवा साठलेला असतो. त्या दिवशी अंतर कमी हवं.

रस्ता म्हणजे नुसतं अंतर नव्हे, कुठल्या महिन्यात त्यावर काय असतं हेही बघावं लागतं. थंडीत सोलापूर, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात उसाचा गाळप हंगाम चालू असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस आणि मागे बहुतेक वेळा ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधारात अशी ट्रॉली दिसते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. कार्तिकी एकादशीला पंढरपूरकडे जाणाऱ्या दिंड्या रस्त्यावर असतात, म्हणून निघायची तारीख कार्तिकीनंतरची धरली. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर चौपदरीकरणाची कामं आहेत, तिथे खडी आणि वळवलेला रस्ता गृहीत धरायचा. आंब्याच्या जंगलात गवे आडवे येतात आणि सकाळी धुकं असतं. म्हणून त्या दिवशी नऊच्या आधी कोल्हापूर सोडायचं नाही.

सूर्याचा हिशेब मला सर्वांत आवडला. हैदराबादहून रत्नागिरीकडे जाताना आपण पश्चिमेला जातो. सकाळी सूर्य पाठीशी, त्यामुळे आपल्याला छान दिसतं. पण समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांवर ऊन असतं, आणि त्या उजेडातून येणारी एकटी मोटारसायकल त्याला दिसेलच असं नाही. म्हणून हेडलाइट स्वच्छ हवा आणि जॅकेटवर भडक रंगाची पट्टी हवी. दुपारी तीननंतर तोच सूर्य आपल्या डोळ्यांसमोर येतो. तेव्हा जाताना सकाळी साडेसहाला निघायचं आणि तीनच्या आत मुक्काम गाठायचा. परतीला सगळं उलटं, सकाळचं ऊन डोळ्यांवर, म्हणून थोडं उशिरा निघायचं.

कागद, फोन आणि एक अवघड संध्याकाळ

लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात. तरी झेरॉक्सचा एक संच घेतलाय, कारण फोनची बॅटरी संपायची वेळ सांगून येत नाही. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारं, आयएसआय खुणेचं घेतलं. जून २०२१ पासून ही खूण नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला ती मिळतात. काच पारदर्शक घेतली, काळी नाही.

फोनमध्ये तीन नंबर आहेत. ११२ सगळ्यांना माहीत असतो. १०८ ॲम्ब्युलन्सचा. आणि १०३३ राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक, जो कार चालवणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसतो. पाकिटात एक कार्ड आहे, त्यावर रक्तगट, घरचे दोन नंबर आणि मला असलेली एका औषधाची ॲलर्जी इंग्रजीत आणि कन्नडमध्ये लिहिली आहे. कन्नड शेजारच्या काकूंनी लिहून दिलं. आणखी एक गोष्ट सर्वांसाठीच. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. त्याला स्वतःचं नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं, तर ‘पोलिसांचं लचांड’ म्हणून पुढे जाऊ नका.

विम्याचे कागद बघायची संध्याकाळ मात्र जड गेली. गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा चालू आहे का, टर्म इन्शुरन्सचा हप्ता भरलाय का, नॉमिनी कोण, बँकेचे पासवर्ड कुठे. लेक बाजूला बसून मोटारसायकलचं चित्र रंगवत होती. बायको एकेक कागद बघून फाइलमध्ये लावत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. शेवटी फाइल बंद करून म्हणाली, ‘ही फाइल मला उघडायला लागू नये, एवढं बघ.’ मी काही बोललो नाही. लांब जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने एकदा अशी संध्याकाळ काढावी. त्यानंतर वेगाबद्दल कुणी समजावून सांगावं लागत नाही.

फ्रिजवरचा करार

त्या संध्याकाळनंतर आम्ही दोघांनी एक कागद लिहिला. तो सध्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. त्यातली कलमं अशी:

एक. सूर्य मावळल्यावर गाडी चालायची नाही. संध्याकाळी पाचला जिथे असेन, तिथे मुक्काम. त्यासाठी जहीराबाद, उमरगा, सांगोला आणि मिरज इथल्या लॉजचे नंबर आधीच लिहून ठेवलेत.

दोन. वेग सत्तर.

तीन. दर ऐंशी किलोमीटरला थांबायचं, हेल्मेट काढायचं, पाणी प्यायचं, दहा मिनिटं चालायचं. दम लागलेला नसला तरीही.

चार. रोज पाच ठरलेल्या ठिकाणांहून निरोप पाठवायचा. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन एका वेळी आठ तास चालतं. साडेसहाला सुरू केलं, की अडीचला संपतं, म्हणजे माझ्या प्रवासाच्या वेळेत जवळजवळ बसतं. ठरलेल्या वेळेनंतर दीड तास निरोप नसेल, तर कुणाला फोन करायचा, त्यांची नावं क्रमाने लिहिली आहेत.

पाच. गाडी चालवताना तीन जांभया आल्या, तर पुढच्या पेट्रोलपंपावर थांबून अर्धा तास झोपायचं. ताप, पोट बिघडणं किंवा पाऊस असेल, तर तो दिवस मुक्कामाचा.

सहा. बायकोने फोनवर ‘आज थांब’ म्हटलं, तर त्या दिवशी वाद घालायचा नाही. वाद घरी आल्यावर.

सात. सोलापूरला पोचल्यावर नको वाटलं, तर परत फिरायचं. गाडी रेल्वेने पार्सल करता येते, टाकीतलं पेट्रोल काढून द्यावं लागतं एवढंच. आपण रात्रीच्या गाडीने घरी.

सातवं कलम मला सुरुवातीला अपमानास्पद वाटलं होतं. आता तेच सर्वांत मोलाचं वाटतं. परत फिरायचा रस्ता आधीच आखलेला असला, की पुढे जायचा हट्ट राहत नाही. ‘एवढं सगळ्यांना सांगून निघालोय, आता माघार कशी घेऊ?’ हा विचार महामार्गावर फार महाग पडू शकतो.

आईचंही एक कलम होतं. नळदुर्गपासून तुळजापूर पस्तीस किलोमीटरवर, तेव्हा जातानाच भवानीचं दर्शन घे. पहिल्याच दिवशी वाट वाकडी केली, तर मुक्कामाला उशीर होणार. बरीच बोलणी झाली. शेवटी परतीच्या वाटेवर सोलापूरहून तुळजापूर करायचं ठरलं. ‘देवीला चालेल,’ असं आईनेच देवीच्या वतीने सांगितलं.

बाबा या सगळ्याकडे गमतीने बघत होते. त्यांनी ऐंशीच्या दशकात बजाज चेतकवर आईला मागे बसवून सोलापूरचं लग्न गाठलंय, हेल्मेटशिवाय, नकाशाशिवाय. ‘आम्ही नव्हते बुवा असले करारनामे केले,’ हे वाक्य चार महिन्यांत निदान वीसदा ऐकलं. परवा मात्र त्यांनी हळूच विचारलं, ‘प्लग घेतलास का जास्तीचा? आणि क्लचची केबल?’ चेतकच्या डिकीत या दोन गोष्टी नेहमी असायच्या. म्हणजे तयारी त्यांचीही होती, फक्त ती फ्रिजवर लावलेली नव्हती.

सामान आता बांधून झालंय. दोन सॅडल बॅगा, घरच्या काट्यावर तोलून दोन्ही बाजूंना सारखं वजन, जड वस्तू खाली. पंक्चर किट, छोटा पंप, चेनचा स्प्रे, फ्यूज, बाबांचा प्लग आणि केबल, प्रथमोपचाराची डबी, ओआरएस, रेनकोट आणि तीन दिवसांचे कपडे. बाकी सगळं वाटेत मिळतं. जास्त कपड्यांऐवजी साबणाची वडी न्यायची.

तरुण वाचकांना एवढंच सांगेन, की लांबच्या प्रवासाला मोठी गाडी लागत नाही, चार महिने लागतात. त्यातला निम्मा वेळ गाडीवर घालवा आणि निम्मा घरच्यांबरोबर. घरच्यांपासून लपवून, ‘मित्रांबरोबर चाललोय’ असं सांगून निघू नका, कारण मग रस्त्यात ‘थांब’ म्हणायचा हक्क असलेलं कुणीच उरत नाही. आणि ज्यांची मुलं-मुली असा बेत घेऊन येतील, त्या काका-काकूंना एक विनंती. लगेच ‘अजिबात नाही’ म्हणू नका. ‘टायर दाखव, विमा दाखव, मुक्काम कुठे कुठे ते लिहून दाखव’ असं म्हणा. जो खरंच जाणार आहे, तो चार दिवसांत कागद घेऊन येईल. ज्याची फक्त हौस आहे, तो आपोआप गप्प बसेल. दोन्हींत तुमचा फायदाच आहे.